झाडकोरफडीच्या नावाखाली युका

सॅन डिएगोला मुलीकडे गेले होते, तेव्हा तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक झाड होतं. करडा, कवेत न मावणारा बुंधा आणि वर फांदीफांदीच्या टोकाला कोरफडीचा झुबका. "आई, ही कोरफडच आहे, झाड होणारी," मुलगी म्हणाली. मूळची दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातली आणि मोझांबिककडची, तिकडे पंधरा मीटरच्याही वर जाते. शास्त्रीय नाव अ‍ॅलोइडेंड्रॉन बार्बेरी. झालं, ते झाड माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

नाशिकला परतले आणि महिन्याभरात मोबाइलवर नेमकी तीच जाहिरात. 'ट्री अ‍ॅलो, इम्पोर्टेड, दीड फुटी रोप, 2,800 रुपये.' फोटो मोठ्या झाडाचा. रोपाचा फोटो मागितला, तर "मॅडम, पॅकिंग झालंय" असं उत्तर आलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण हौसेपुढे अक्कल चालते कुठे? पैसे भरले, तेही एका माणसाच्या खासगी खात्यावर.

चार दिवसांनी फोन. रोप मुंबईत अडकलंय, सायटिसचा, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना काढायला 1,500 रुपये लागतील. मी नेटवर शोधलं, तर सायटिस खरंच निघालं! आपली साधी कोरफड सोडली तर अ‍ॅलोच्या बाकी साऱ्या जाती त्या करारात येतात. बाई खूश, लगेच पैसे पाठवले. हा परवाना रोप परदेशातून निघण्याआधी तिथल्या सरकारकडून घ्यायचा असतो, इथे येऊन पडल्यावर फोनवरून नाही, हे वाचायचं राहूनच गेलं. खोटं बोलणाऱ्याने त्यात एक खरी गोष्ट पेरली, आणि मी तेवढीच तपासली.

रोप आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, हिरवंगार, ताठ. सोबत चिठ्ठी: 'मुळं नाजूक, सहा महिने हात लावू नये.' म्हणजे सहा महिने तक्रारही करू नये! मी आज्ञाधारकपणे खडी, वाळू आणि थोडं शेणखत घालून उंच वाफा केला. आपल्याकडच्या पावसात पाणी साचलं तर अशा झाडांची मुळं कुजतात, एवढं माहीत होतं.

दिवाळीत ओळखीचे नर्सरीवाले भाऊ घरी आले. त्यांनी काही न बोलता एक पान धरून वाकवलं. ते मोडेना. पिळलं, तर आतून पांढरे धागे निघाले, घायपाताच्या वाखासारखे. मग कुंडीतल्या कोरफडीचं पान मोडून दाखवलं: कट्कन तुटलं, आत बुळबुळीत गर आणि कडेने पिवळा चीक. बाळाच्या पोटावर लावतो तो काळा बोळ म्हणजे हाच चीक, वाळवलेला. "ताई, हा युका आहे, घायपातासारखं शोभेचं झाड. माझ्याकडे दीडशेला मिळतो."

काठ पाहायलाही त्यांनीच शिकवलं. झाडकोरफडीच्या पानाला पन्हाळीसारखी खोलगट घडी असते, ते बाहेर झुकतं आणि काठाला सुटे सुटे दात असतात. माझ्या रोपाचं पान भाल्यासारखं सरळ, काठ नुसता खरखरीत, टोकाला सुई. मी अमेरिकेत झाड पाहिलं होतं ते खालून, मान वर करून. त्याचं लहानपण कधी पाहिलंच नव्हतं, आणि तो माणूस नेमका त्यावरच धंदा करतो.

तोवर त्याचा नंबर बंद झाला होता. 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तिथल्या बाईंनी व्यवहाराचा क्रमांक विचारला आणि पहिला प्रश्न केला, "पैसे कधी गेले?" पाच महिने झाले म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. तक्रार नोंदवून घेतली, पण खातं केव्हाच रिकामं झालेलं असणार, हेही सांगितलं. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते वाटेत अडवता तरी येतात.

म्हणून असं रोप घेणार असाल, तर आधी विक्रेत्याला आजच्या तारखेचा कागद शेजारी ठेवून पानाच्या काठाचा जवळून व्हिडिओ पाठवायला सांगा. आल्या दिवशीच खालचं एक पान मोडून बघा. नाजूक मुळांची चिठ्ठी आली असेल, तर दोन पानं मोडा.

युका मात्र वाफ्यात झकास वाढलाय. परवा नातवाच्या चेंडूला भोक पाडलं.