सेट-नेटसाठी क्लास की स्वतःचा अभ्यास?

शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आणि प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्या अनेकांपुढे हा प्रश्न उभा राहतो. राज्य पातळीवरची सेट आणि देश पातळीवरची यूजीसी-नेट या सहायक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा. या दोन्ही परीक्षांत पहिला पेपर सर्वांना समान, 50 प्रश्नांचा व 100 गुणांचा, तर दुसरा आपल्या विषयाचा, 100 प्रश्नांचा व 200 गुणांचा असतो. माझ्या मते निर्णय याच विभागणीवर घ्यावा.

इतिहास किंवा मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटलेला असतो, त्यामुळे पहिल्या पेपरात तक्त्यावरून टक्केवारी काढताना किंवा अंकमालिका पूर्ण करताना त्यांचा हात अडतो. तिथे शेजारी बसून नेमकी चूक दाखवणारा शिक्षक हवाच, आणि तेवढ्यापुरती क्लासची फी भरणे योग्य आहे.

विषयाच्या पेपरसाठी मात्र मी निःसंशय स्वतःच्या अभ्यासाच्या बाजूने आहे. विधान आणि कारण यांचा संबंध विचारणारे प्रश्न छापील नोट्स पाठ करून सुटत नाहीत. त्यासाठी मूळ ग्रंथच वाचावे लागतात, आणि ते विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचता येतात. शंका विचारायला विभागातले प्राध्यापक आहेतच. चंदगड-आजऱ्याहून येऊन खोली आणि मेसचा खर्च सांभाळणाऱ्या मुलामुलींनी तर दोन्ही पेपरांची एकत्र फी भरण्यापूर्वी मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून पाहाव्यात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.