माडीच्या सागवानी जमिनीला पीयू की तेल?

लाकडी जमीन घासून झाली की पॉलिशवाला विचारतो, "पीयूच मारायचं ना?" पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर कडक थर धरणारं पॉलिश. हो म्हणण्याआधी थोडं थांबावं, असं मला वाटतं. लाखदाण्याचं स्पिरिट पॉलिश आणि मेलामाइन मी इथे धरतच नाही. पहिल्यावर पाणी राहिलं की पांढरे डाग पडतात, दुसरं कपाटांना शोभतं पण पायाखाली टिकत नाही. खरी निवड उरते ती हार्डनर घालून मारायचं पीयू आणि मेण मिसळलेलं लाकडाचं तेल यांच्यात.

आमच्या कोकणातल्या घराच्या माडीवर दोन खोल्या आहेत, दोन्हींत जुन्या सागवानी फळ्या. पुढच्या खोलीला पीयू दिलं होतं, मागचीला नंतर तेल. त्यामुळे दोन्ही एकाच छपराखाली, एकाच पावसात पाहायला मिळाली.

पीयूचे गुण नाकारण्यासारखे नाहीत. चहा सांडला आणि तासाभराने पुसला तरी डाग नाही. रोज ओल्या फडक्याने पुसलं तरी तक्रार नाही. तेलाच्या खोलीत फडकं घट्ट पिळून घ्यावं लागतं, फिनेल चालत नाही आणि सांडलेलं लगेच टिपावं लागतं. कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगत राहावं लागतं, हे खरं.

पण पुढच्या खोलीत झोपाळा आहे. झोका घेताना पाय ज्या हातभर पट्ट्यावर घासतात, तिथे अंगणातून आलेली जांभ्याची कच पॉलिश पेपरसारखं काम करते. आधी तेवढाच पट्टा निस्तेज झाला, मग लाकूड उघडं पडलं, आणि रोजच्या पुसण्याचं पाणी मुरून फळ्या काळवंडल्या. बाकीची खोली मात्र अगदी नव्यासारखी! थर शाबूत असेपर्यंत वरवर घासून नवा हात देता येतो. एकदा लाकूड उघडं पडलं की तेवढीच जागा दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य. आमच्या पॉलिशवाल्याने मन लावून प्रयत्न केला, तरी खिडकीच्या उजेडात जोडाची रेघ दिसायचीच. शेवटी एका पट्ट्यासाठी सगळं सामान हलवून पूर्ण खोली मशीनने घासली. भुकटी कौलांपर्यंत पोचली होती. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला, आणि त्या खोलीलाही तेल दिलं.

मागच्या खोलीत टेबलाखाली खुर्ची ओढून ओढून असाच पट्टा पडला होता. बारीक पेपरने हातानेच घासला, फडक्याने तेल चोळलं, जादाचं पुसून काढलं. वाळल्यावर ती जागा शोधावी लागली. तेल लाकडात मुरतं, वर जाड थर धरत नाही, म्हणून जुन्या-नव्याची कड उमटत नाही. शिवाय पावसाळ्यात फळ्या फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. त्या हालचालीत पीयूला फटींच्या कडेने बारीक तडे जातात. तेलाच्या खोलीत मला तसे कधी दिसले नाहीत.

तुमच्याकडे अखंड फळ्यांऐवजी वर सागाचा पातळ थर चिकटवलेली तयार जमीन असेल, तर पूर्ण खोली घासावी लागण्याचा मुद्दा आणखी मोठा होतो. असा थर 2–3 मिमीचा असला तर पूर्ण घासणं एखाद-दुसऱ्या वेळीच जमतं.

घर भाड्याने द्यायचं असेल, पाहुण्यांसाठी खोल्या चालवायच्या असतील, तर पीयू घेणाऱ्याला मी अडवणार नाही. तिथे जमिनीची काळजी घेणारं कोणी नसतं. तेव्हा चकचकीत नको, मॅट घ्या, ओरखडे कमी दिसतात. साग मुळात तेलकट, म्हणून पहिला हात मारण्याआधी फळ्या थिनरने पुसून घ्यायला सांगा, नाहीतर थर नीट धरत नाही. स्वतः राहत असाल आणि वर्षाकाठी वर्दळीच्या जागी तेलाचा हात फिरवायची तयारी असेल, तर मी तेलच सुचवीन.

काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. तेल अगदी पातळ लावा, जादा राहिलं तर चिकट राहतं. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा.