पोस्टोयनाला जाताय? आधी विवेरियम, मग गाडी

मी 35 वर्षं सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या म्युझियममध्ये फॉर्मॅलीनच्या बरणीत एक प्रोटियस होता. पिवळट, आक्रसलेला, कल्ल्यांच्या जागी नुसत्या चिंध्या. दर वर्षी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ती बरणी टेबलावर यायची आणि मुलं वहीत लिहायची : उभयचर, युरोपातल्या गुहांमधल्या पाण्यात आढळतो, कल्ले आयुष्यभर टिकतात. तो प्राणी जिवंत बघायचा, ही माझी फार जुनी इच्छा.

स्लोव्हेनियातली पोस्टोयना गुहा मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा एका टूर कंपनीबरोबर गेले होते. आतल्या छोट्या रेल्वेगाडीतून गुहा दाखवली आणि बाहेर आल्यावर वीस मिनिटं 'फ्रेश होण्यासाठी आणि खरेदीसाठी' दिली. जिवंत प्रोटियस दिसतो तो विवेरियममध्ये, म्हणजे गुहेतले प्राणी टाक्यांत ठेवलेल्या दालनात. त्याचं तिकीट वेगळं असतं आणि ते पॅकेजमध्ये नव्हतं. मी विनंती केली, स्वतःचे पैसे देते म्हटलं, पण बस थांबणार नव्हती. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. म्हणून या मे महिन्यात पुन्हा गेले, भाचीबरोबर. ती ल्युब्लियानात शिकते. तिथून रेल्वेनं साधारण तासाभरात पोस्टोयना येतं.

मोठ्या गुहेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिचे फोटो सगळीकडे आहेत. आपल्याकडे बेसाल्टचा कातळ, त्यामुळे 'गुहा' म्हटलं की डोळ्यांसमोर माणसानं छिन्नीनं कोरलेली लेणी येतात. इथे कोरणारी पिवका नदी आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डाय ऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवत खाली झिरपतं आणि पोकळीत थेंब थेंब गळताना तोच चुना पुन्हा मागे ठेवतं. भूगोलात शिकलेले अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ ते हेच. पाच मीटर उंचीचा पांढराशुभ्र 'ब्रिलियंट' बघताना मी पाण्याचा एक थेंब त्याच्या माथ्यावर पडताना पाहिला. फेरी साधारण दीड तासाची. पाच किलोमीटरपैकी 3.7 किलोमीटर उघड्या डब्यांच्या छोट्या गाडीतून. ही रेल्वे 1872 पासून आहे, तेव्हा वाटाडे डबे हातानं ढकलायचे. 1884 पासून आत विजेचे दिवे आहेत. व्यवस्था चोख आहे, गर्दी असूनही कुठे रेटारेटी नाही.

आता विवेरियम. गुहेच्या तोंडाजवळच्या एका जुन्या भागात ते आहे. बहुतेक लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. मी तासभर होते. भाची म्हणाली, "मावशी, घड्याळ बघू नकोस, आपली गुहेतली गाडी बाराची आहे."

टाकीतला उजेड अगदी मंद. पहिली दोन मिनिटं दगडच दिसले. मग एका दगडाखालून वीतभर लांबीची, बाळाच्या तळव्यासारखी गुलाबी काया दिसायला लागली. बरणीतल्या त्या पिवळ्या प्राण्याचा हा रंग! कातडीत रंगद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून आतलं रक्त दिसतं. स्लोव्हेनियन लोक त्याला 'माणूसमासा' म्हणतात ते याच कातडीमुळे. डोक्यामागे कल्ल्यांचे लाल तुरे, दोन्ही बाजूंना तीन-तीन, पाण्यात पिसासारखे हलणारे. मी बोटं मोजली : पुढच्या पायाला तीन, मागच्याला दोन. इतकी वर्षं मुलांना सांगितलेलं ते माझ्यासमोर वाळूवर टेकलेलं होतं. डोळे मात्र दिसत नाहीत. पिल्लाला ते असतात, पुढे त्यांची वाढ थांबते आणि वरून कातडी येते. वासावर आणि पाण्यातल्या बारीकशा हालचालीवर त्याचं सगळं चालतं.

तो जागचा हलला नाही, आणि ते बघायलाच थांबायला हवं. हर्झेगोव्हिनातल्या एका गुहेत संशोधकांनी खूण केलेला एक प्रोटियस 2,569 दिवसांनी त्याच जागी सापडला होता. खाणं नाही तर खर्चही नाही, असा त्याचा हिशेब. वर्षानुवर्षं उपाशी राहतो आणि शंभरीच्या आसपास जगू शकतो. पूर्वी पुरात वाहून बाहेर आलेले प्रोटियस लोकांना ड्रॅगनची पिल्लं वाटायचे. वाल्वासोर या इथल्या जुन्या अभ्यासकानं 1689 मध्ये तसं नोंदवलेलं आहे.

जानेवारी 2016 मध्ये इथल्याच गुहेतल्या एका टाकीच्या काचेला चिकटलेलं अंडं एका गाईडला दिसलं. पुढे अंड्यांची संख्या 64 झाली. टाकी झाकून काळोख केला, इन्फ्रारेड कॅमेरा लावला, आणि सुमारे चार महिन्यांनी पिल्लं बाहेर यायला लागली. एकूण 22. हे वाचताना मला काचेपाशी उभं राहून भरून आलं. रोज काच बघणारा कुणीतरी होता, म्हणून ते अंडं दिसलं.

आणि विवेरियममधला भुंगेरा चुकवू नका. बारीक मानेचा, बिनडोळ्यांचा, जेमतेम सेंटीमीटरभर, पाय आणि मिशा कोळ्यासारख्या लांब. पाठीवरचे पंख फुगून घुमट झालेले, त्याखाली ओलसर हवा साठवलेली असते. 1831 मध्ये लुका चेच नावाच्या इथल्याच दिवे लावणाऱ्या माणसाला तो सापडला. पुढच्या वर्षी फर्डिनांड श्मिट यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि गुहेतले जीव हा अभ्यासाचा विषय झाला. त्याआधी कीटक गुहेत राहतात हे कुणी मानत नव्हतं. काळोखात झाड नाही, पान नाही. नदीनं वाहून आणलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा एवढ्यावर शंभराहून जास्त जातींचे प्राणी इथे जगतात.

काही कामाच्या गोष्टी. आत बाराही महिने 10 अंश सेल्सिअस असतं, मे महिन्यातही स्वेटर लागतो. जमीन ओली असते, रबरी तळव्याचे बूट घाला. गुहा आणि विवेरियम दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं, तेच काढा. आधी विवेरियम बघा, म्हणजे नंतर गाडीतून जाताना खालच्या अंधारात काय राहतं ते तुम्हाला ठाऊक असेल. फ्लॅश बंद ठेवा, फोनचा टॉर्चही. आमच्या शेजारी एका मुलानं टॉर्च लावला होता. त्याच्या आजीनं तो तिथल्या तिथे विझवायला लावला, आणि मग ती दोघं आमच्याबरोबर काचेपाशी बराच वेळ गप्प उभी होती.