विलेपार्ले पूर्व : अकरा वर्षांच्या वास्तव्यानंतरचा अभिप्राय

अकरा वर्षांपूर्वी आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहायला आलो, ते मुख्यतः वडिलांच्या सोयीसाठी. गुडघे दुखत असले तरी रोज घराबाहेर पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यामुळे रिक्षाची वाट न पाहता भाजी, देऊळ, वाचनालय आणि नाट्यगृह गाठता येईल असे घर आम्ही शोधत होतो. पार्ल्याने ही अपेक्षा पूर्ण केली.

यात पहिला मान लोकमान्य सेवा संघाचा. टिळकांच्या निधनानंतर तीनच वर्षांत, १९२३ साली, स्थापन झालेली ही संस्था जुन्या पार्लेकरांच्या तोंडी अजूनही ‘टिळक मंदिर’ आहे. तिच्या वाचनालयात वडील सकाळी वर्तमानपत्रे वाचत, दिवाळी अंकांसाठी नंबर लावत आणि संध्याकाळी व्याख्यान असेल तर पुन्हा जात. नव्या वस्तीत वृद्ध माणसाला ओळखी मिळणे किती कठीण असते, हे मी इतरांच्या घरी पाहिले आहे. वडिलांना त्या महिनाभरात मिळाल्या. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहातून रात्रीचा प्रयोग सुटल्यावर आम्ही चालत घरी येत असू, याचे मोल मला फार वाटते.

स्टेशनजवळच्या बाजारात भाजी ताजी मिळते आणि गणपतीत पत्री, केळीची पाने, दूर्वा यांसाठी दादर गाठावे लागत नाही. दर मात्र चढे आहेत. बहुतेक जलद गाड्या पार्ल्याला थांबत नाहीत, त्यामुळे चर्चगेटला रोज जाणाऱ्याने धीम्या गाडीचा किंवा अंधेरीला बदलण्याचा वेळ धरावा.

माझी खरी तक्रार रस्त्यांविषयी आहे. जुन्या दोन-तीन मजली इमारतींच्या जागी पुनर्विकासातून नव्या इमारती येत आहेत. विमानतळ शेजारी असल्याने उंचीवर मर्यादा आहे, तरीही घरे आणि त्यांबरोबर गाड्या वाढतात, रस्ते मात्र तेवढेच राहतात. सिमेंटच्या गाड्या, पत्रे आणि पदपथावरची खडी चुकवत चालताना वडिलांच्या वयाच्या माणसाला रस्त्याच्या मधोमध यावे लागते. ज्या उपनगराची सगळी सोय पायी फिरण्यावर अवलंबून आहे, तिथे हे मला अक्षम्य वाटते.

दुसरी गोष्ट पावसाची. मिलन सबवेत पाणी साचले की पूर्वेकडून पश्चिमेला जाण्याचा मार्ग बदलावा लागतो. एका जुलैत वडिलांना रात्री पश्चिमेच्या रुग्णालयात न्यायचे होते, तेव्हा रिक्षावाल्याने कॅप्टन गोरे उड्डाणपुलावरून वळसा घेतला, आणि गर्दीत आमची चाळीस मिनिटे गेली. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर घर पक्के करण्यापूर्वी भर पावसात एकदा त्या वाटेने जाऊन पाहावे आणि पदपथ कुठे शिल्लक आहेत तेही पाहावे. मी आज पुन्हा घर शोधले असते, तर टिळक मंदिराच्या दहा मिनिटांच्या अंतरातच शोधले असते.