झेडझेड प्लांट: १४ महिने आणि आईचा तांब्या

मागच्या वर्षी मे महिन्यात नर्सरीतून ३५० रुपयांना हे झाड आणलं, तेव्हा त्याला पाच दांडे होते. आज सात आहेत. मधे तीनवर आले होते, त्यात झाडाचा काही दोष नव्हता.

आमचा फ्लॅट ठाण्यात, पहिल्या मजल्यावर. समोर इमारत, त्यामुळे हॉलमध्ये ऊन असं येतच नाही. त्या कोपऱ्यात मनीप्लांटसुद्धा लांबुडका आणि फिकट होत गेला होता. नर्सरीवाला म्हणाला, "हे न्या, पाणी घालायला विसरलात तरी चालेल." विसरणं मला जमतं. आईला नाही. मागच्या ग्रिलमधल्या तुळशीला घालून तांब्यात जे उरायचं, ते रोज यालाही मिळायचं. "झाड आहे, त्याला पाणी नको कसं?"

जुलैत दोन दांडे पिवळे पडून बुडापासून लोळले. कुंडी उलटी केली तर आत नुसतं ओलंचिंब कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक कंद कुजून लिबलिबीत झालेला. तेव्हा कळलं, की हे मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, कोरडे महिने काढायची सवय असलेलं झाड. बटाट्यासारख्या कंदात स्वतःचं पाणी साठवतं. कुजका भाग कापला, उरलेलं दोन दिवस सावलीत सुकवलं आणि निम्मी माती, निम्मी जाड रेती व विटांचे तुकडे अशा मिश्रणात लावलं. आता जळून गेलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसतो. कोरडी, स्वच्छ निघाली तरच पाणी. उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांनी, पावसाळ्यात महिना-सव्वा महिन्याने.

वाढ मात्र अगदी सावकाश. फेब्रुवारीपर्यंत काहीच हललं नाही. मग मातीतून भाल्याच्या टोकासारखे पोपटी कोंब आले, मेपर्यंत एकूण चार. तेही कुंडी खिडकीपासून पाच फुटांवर सरकवल्यावर. अंधाऱ्या कोपऱ्यात ते जगतं, वाढत नाही. सप्टेंबरात तीन सुटी पानं मातीत खोचली होती. मार्चमध्ये उकरून पाहिलं तर दोघांच्या बुडाला वाटाण्याएवढे कंद, कोंब अजूनही नाही. हौस असेल तरच करा.

"हवा शुद्ध करतं" ही पाटी वाचून घेऊ नका. नासाचा १९८९चा जो अभ्यास सगळे सांगतात, तो बंद पेटीतल्या झाडांवरचा होता. खिडक्या उघड्या असलेल्या घरात एका कुंडीने काही फरक पडत नाही.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. हे अळू-सुरणाच्याच कुळातलं. खाज आणणारे तेच बारीक स्फटिक यातही असतात, आणि इथे चिंच घालून शिजवायची सोय नाही. कापताना मी हातमोजे घालतो.

बाकी कीड नाही, पानगळ नाही. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसली की पानं तेल लावल्यासारखी चमकतात. तांब्यातलं उरलेलं पाणी आता पुदिन्याला जातं. तो फोफावलाय.