खरी पट्टी, खोटी हॅट

बेळगाव, निपाणी, संकेश्वर भागात जुन्या फेल्ट हॅट (केस किंवा लोकर न विणता दाबून केलेल्या) जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. सध्या एक माणूस 'वकिलाच्या घरातली, १९३६ ची बोर्सालिनो' (नामांकित इटालियन हॅट) म्हणून जे विकतोय ते बनावट आहे. काम इतक्या सफाईचं की जाणकारही गंडावा. माझे अठरा हजार गेले.

त्याची गोष्ट पटण्यासारखीच होती. आमच्या बेळगावच्या कॅम्पात इंग्रजांची छावणी होती, १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात. जुन्या घरांच्या माळ्यावर विलायती हॅट अजून निघते. गृहस्थ निपाणीत भेटला. "दादा, आज्जाची आठवण हाय, पण पोराची फी भरायची हाय. जाणत्या माणसाला द्यायची म्हणून थांबलोय." सोबत काळ्या कोटातल्या म्हाताऱ्याचा फोटो. मग लगेच "आणखी दोन गिऱ्हाइकं बसलीत" म्हणून घाई, आणि तिथल्या तिथे फोनवरून पैसे घेतले.

हॅट पारखताना आपण सगळे आधी आतली चामडी पट्टी बघतो. ती अस्सल होती: घामाने काळवंडलेलं चामडं, झिजलेला सोनेरी ठसा, खाली ५८ हा मापाचा आकडा. डाव होता तो इथेच. एका मेलेल्या खऱ्या हॅटची पट्टी उसवून बाजारातल्या स्वस्त लोकरी हॅटमध्ये शिवलेली.

पावसाने ते उघडं पाडलं. खानापूरच्या वाटेवर झड आली. बोर्सालिनोचं फेल्ट सशाच्या केसांचं असतं. असं चांगलं फेल्ट पावसाला सहसा दाद देत नाही, झटकून सावलीत वाळवलं की झालं. ही मात्र आकसली, काठाला लाटा आल्या आणि माझ्या कपाळावर काळा ओघळ उतरला. वरून बूट पॉलिश चोळलं होतं.

घरी येऊन पट्टी बाहेर उलटली. चामड्याच्या कडेला सुईच्या भोकांच्या दोन ओळी. एकीत दोरा, दुसरी रिकामी. रिकामी ओळ मूळ शिलाईची, भोकं जुनी आणि आत मळ साचलेली. नव्या ओळीचा दोरा काडीवर धरला तर वितळून गोळी झाली. सुती दोऱ्याची राख होते, म्हणजे हा कृत्रिम दोरा. पट्टी ५८ ची, हॅट त्याहून लहान, म्हणून मागच्या बाजूला चामड्याला बारीक चुण्या पडल्या होत्या. अस्तरावर मुंबईच्या दुकानाचं पिवळट लेबल होतं, त्यात सहा आकडी पिनकोड! पिनकोड आपल्याकडे सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. माथ्यावर कसर लागल्यासारखी भोकंही पाडली होती, पण खरी कसर लव कुरतडत वेडीवाकडी फिरते. ही भोकं गोल, आरपार, दाभणाने पाडल्यासारखी.

फोन केला तर "जुन्या मालाला परत नाही", नंतर नंबर बंद. माणूस महाराष्ट्रातला, व्यवहार निपाणीत, मी बेळगावचा, त्यामुळे ठाण्यात आधी हद्दीचाच घोळ निघाला. हद्दीचं कारण कुणी सांगितलं तर ऐकू नका, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मला उशीर झाला, पैसे पुढे सरकले होते. तक्रार नोंद आहे.

पैशापेक्षा मला त्या मूळ हॅटचं जास्त लागलंय. ती कुणाच्या तरी माळ्यावर कसरीने खाल्ली असणार आणि भंगारात दहा-वीस रुपयांना गेली असणार. अशा हॅटच यांचा कच्चा माल. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते, म्हणून पावसाळ्याआधी हॅट मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडा, रिबिनीखालची धूळ काढा. खोक्यात माथ्यावर उलटी ठेवा, म्हणजे काठ दबत नाही. डांबरगोळ्या कापडात बांधून बाजूला ठेवा, फेल्टला टेकू देऊ नका. आणि हॅट पार गेलीच असेल तरी पट्टीसकट भंगारवाल्याला देऊ नका. पट्टी काढून जपा, नाहीतर कापून टाका.

परवा संकेश्वरच्या एका शिक्षकांना त्याच म्हाताऱ्याच्या फोटोसकट दुसरी हॅट दाखवली गेली. या वेळी मालक 'डॉक्टर आजोबा'. मी त्यांना एवढंच सुचवलं की पैशाचं बोलण्याआधी पट्टी उलटून शिलाईचा जवळून काढलेला फोटो मागवा. त्यांनी मागवला. "पाठवतो सर" म्हणाला आणि अजून पाठवतोय. तुमच्याकडे कुणी अशी हॅट घेऊन आला तर तोच फोटो मागा आणि मला कळवा, तक्रारीला जोडता येईल.