बिऱ्हाड पाठीवर, पण किती किलोचं? पिकअपवरच्या कॅम्परचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी एक खुलासा. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'कॅम्पर' म्हटलं की मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर डबल केबिनची पिकअपच येते. मी बोलतोय तो मागच्या हौद्यावर बसवलेला, झोपायची सोय असलेला बॉक्स. तो नाशिकच्या अंबडला एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. आठ महिन्यांत साडेसहा हजार किलोमीटर झाले.

माझ्या आरसीवर रिकामं वजन 1,845 किलो आणि भरलेलं 2,850 किलो आहे. वजाबाकी केली की 1,005 किलो उरतात. बॉक्स 'साडेतीनशेच्या आत' बसेल असं सांगितलं होतं, म्हणून मी निर्धास्त. ह्या हजार किलोंत आपण चौघंही मोजायचे असतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

पहिली शंका दिव्यांमुळे आली. भंडारदऱ्याहून रात्री घोटीकडे येताना समोरचा प्रत्येक जण डिपर मारत होता. मी लो बीमवरच होतो! बायको म्हणाली, "अहो, आपले लाइट झाडांवर पडतायत." उतरून पाहिलं तर मागची बाजू बसलेली आणि नाक वर. त्याच्या आठवडाभर आधी कसारा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला होता, तो मी पुढच्या ट्रकच्या नावावर खपवला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं बिऱ्हाड घेऊन थेट वजनकाट्यावर. आकडा आला 2,980. म्हणजे 130 किलो जास्त. मग काटेवाल्याला विनंती करून पुढची चाकं काट्याबाहेर काढली आणि फक्त मागचा अ‍ॅक्सल तोलला: 1,810. टायरच्या बाजूला 104 हा लोड इंडेक्स आहे, म्हणजे एका टायरला 900 किलो, दोन्ही मिळून 1,800. आम्ही टायरच्याही मर्यादेच्या दहा किलो वर घाट उतरत होतो. काट्यात पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात हे मान्य, पण त्यावर कुटुंब बसवायचं नसतं.

नंतर सामान आणि माणसं उतरवून बॉक्ससकट पुन्हा तोललं, तर 2,430. डिझेल, गार्ड, लायनर धरून नुसती गाडी 1,910 भरते. म्हणजे बॉक्स 520 किलोचा! कारण आतलं फर्निचर 18 एमएम प्लायचं. आठ बाय चारची एक शीट तीस-पस्तीस किलो होते, आणि आत तीन शीट गेल्या होत्या. भर म्हणून 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी 58 किलो, पाण्याची टाकी 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि ही दोन्ही ओझी अगदी शेपटीला, अ‍ॅक्सलच्या मागे. तिथे ठेवलेलं वजन तराजूच्या दांडीसारखं काम करतं: मागे दाबतं आणि पुढची चाकं उचलतं. स्टिअरिंग हलकं लागत होतं ते ह्याचमुळे, आणि मी मात्र पॉवर स्टिअरिंगचं कौतुक करत होतो.

मेकॅनिकचा सल्ला एका वाक्याचा: "एक पाटा वाढवू, साहेब." पाट्याने, म्हणजे मागच्या स्प्रिंगमधल्या जादा पट्टीने, गाडी सरळ उभी राहते, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात आणि आरसीवरचा आकडाही तोच. दुसरं ऐकवलं जातं ते पिंपळगावच्या कांदा बाजाराचं उदाहरण: "दीड-दोन टन कांदा नेतात लोक, तुझं काय घेऊन बसलास?" कांदा हौद्यात खाली बसतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. माझं ओझं सहा फूट उंच, बाराही महिने पाठीवर. वळणावर गाडी झुकते तेव्हा हा फरक पोटात कळतो. शिवाय जास्तीच्या वजनाला 2019 पासून कमीत कमी वीस हजार दंड आहे.

मग प्लाय काढून अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणि एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली हलकी) शीट लावली, पन्नासेक किलो वाचले. बॅटरी लिथियमची, 100 एएच, 12 किलो. खर्च टोचला, पण 46 किलो तिथेच गेले. टाकी केबिनच्या पाठीशी सरकवली आणि आता चाळीस लिटरच भरतो, बाकी वाटेत. नवीन आकडा 2,825, मागचा अ‍ॅक्सल 1,600. कसाऱ्यात सेकंड गिअरला गाडी मुकाट उतरते, वास नाही. अ‍ॅव्हरेज बाराचं नऊवर आलंय, ते काही सुधारलं नाही. उंच बॉक्स वारा अडवणारच. बॉक्स चेसिसला वेल्ड न करता टर्नबकलने (फिरवून आवळायच्या हुकांनी) बांधलाय, आणि चालत्या गाडीत मागे कुणी बसत नाही.

थोडक्यात शिल्लक 25 किलो. गेल्या महिन्यात वणीला आत्याने पन्नास किलोंचं कांद्याचं पोतं आणून ठेवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. टाकीत तीसेक लिटर पाणी उरलं होतं, ते तिच्या जास्वंदीला सोडलं आणि मग पोतं चढवलं, केबिनच्या पाठीला अगदी टेकवून.